एका मृत्युपत्रातून संस्था कशी उभी राहते : जेम्स स्मिथसन यांच्या देणगीची गोष्ट

जेम्स स्मिथसन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी २३ ऑक्टोबर १८२६ रोजी लंडनमध्ये आपले मृत्युपत्र लिहिले. संपत्तीचे उत्पन्न पुतण्याला मिळावे, जुन्या नोकराला वर्षाला १०० पौंड मिळावेत, पुतण्याला मुले झाली तर सगळी संपत्ती त्या मुलांची व्हावी, अशा घरगुती तरतुदी त्यात होत्या. शेवटाकडे मात्र एक वेगळीच अट होती. पुतण्या निपुत्रिक वारला, किंवा त्याची मुले एकवीस वर्षांची होण्याआधी अथवा स्वतःचे मृत्युपत्र न करता वारली, तर संपूर्ण संपत्ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांना द्यावी आणि तिच्यातून वॉशिंग्टन येथे ‘स्मिथसोनियन इन्स्टिट्यूशन’ या नावाने ‘मानवांमध्ये ज्ञानाची वृद्धी आणि प्रसार’ करण्यासाठी एक संस्था स्थापन करावी, असे त्यांनी लिहून ठेवले होते. स्मिथसन यांनी अमेरिकेत कधी पाऊलही ठेवले नव्हते. संस्थेत काय शिकवावे, ती कोणी चालवावी, इमारत कशी असावी, यांविषयी त्या कागदात एक अक्षरही नव्हते.

या एका वाक्यापासून आज एकवीस संग्रहालये, एक राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय आणि अनेक संशोधन केंद्रे चालवणाऱ्या संस्थेपर्यंतचा प्रवास बहुतेक वेळा ‘थोर देणगी आणि तिचे फळ’ एवढ्यातच सांगितला जातो. माझ्या मते खरी गोष्ट मधल्या वीस वर्षांत आहे. मृत्युपत्राने पैसा मिळतो, पण त्याने संस्था उभी राहत नाही. त्या पैशाला कायद्याने कोणाचे म्हणायचे, तो कोणी सांभाळायचा, बुडाला तर कोणी भरून द्यायचा आणि देणगीदाराच्या शब्दांचा अर्थ कोणी लावायचा, या प्रश्नांची उत्तरे मिळाली तेव्हा ही संस्था जन्माला आली.

आधी स्मिथसन यांच्याविषयी. त्यांचा जन्म १७६५ च्या सुमारास पॅरिसमध्ये झाला. वडील ह्यू स्मिथसन पुढे नॉर्थम्बरलंडचे पहिले ड्यूक झाले, तर आई एलिझाबेथ मेसी या श्रीमंत विधवा होत्या. दोघांचा विवाह झालेला नसल्यामुळे मुलगा कायद्याच्या दृष्टीने अनौरस ठरला आणि वडिलांची पदवी व जहागीर त्याच्या वाट्याला येण्याचा प्रश्नच उरला नाही. बालपणापासून ते आईच्या दिवंगत पतीचे आडनाव लावून जेम्स मेसी म्हणूनच ओळखले गेले आणि १८०० मध्ये आई वारल्यानंतरच त्यांनी वडिलांचे ‘स्मिथसन’ हे आडनाव घेतले. संपत्तीचा मोठा भाग आईच्या बाजूने आला होता. ही पार्श्वभूमी मृत्युपत्रातील एका तपशिलात दिसते. पुतण्याच्या मुलांना वारसा देताना त्यांनी ‘औरस असोत वा अनौरस’ असे शब्द मुद्दाम घातले आहेत. जन्माच्या कारणावरून आपल्याला जे नाकारले गेले ते आपल्या हातून कोणाला नाकारले जाऊ नये, हीच त्या शब्दांमागची भावना असावी असे मला वाटते.

ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजातून ते १७८६ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले आणि दुसऱ्याच वर्षी, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या सुमारास, रॉयल सोसायटी या इंग्लंडमधील शास्त्रज्ञांच्या नामवंत संस्थेचे सदस्य झाले. रॉयल सोसायटीत वाचलेला त्यांचा पहिला निबंध आपल्याला जवळचा वाटेल अशा पदार्थाविषयी आहे. तो पदार्थ म्हणजे वंशलोचन, अर्थात सितोपलादि चूर्णात पडणारा, बांबूच्या पेरांत सापडणारा पांढरट खडा. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत भारतात असलेले निसर्गअभ्यासक पॅट्रिक रसेल यांनी त्याचे नमुने लंडनला पोहोचवले होते आणि युरोपातील विद्वानांना हे नेमके काय आहे याचे कोडे पडले होते. वनस्पतीच्या पोटातून निघालेला पदार्थ असल्याने तो जळावा, काळा पडावा, अशी साहजिक अपेक्षा होती. तरुण मेसी यांनी तो तापवला, पाण्यात उकळला, आम्लांत टाकला आणि अल्कलीबरोबर वितळवला. वंशलोचन जळाले नाही, आम्लात विरघळले नाही आणि अल्कलीबरोबर मात्र त्याची काच झाली. हे सगळे गुण सिलिकाचे, म्हणजे साध्या वाळूत असणाऱ्या द्रव्याचे आहेत. जिवंत वनस्पती मातीतील सिलिका शोषून आपल्या पेरांत साठवते, हा निष्कर्ष १७९१ च्या मानाने धाडसाचा होता. त्याच निबंधात आणखी एक हकिकत आहे. लंडनजवळच्या इस्लिंग्टन येथील एका उष्णगृहात वाढलेला हिरवा बांबू हलवला असता आत काहीतरी खुळखुळत होते. तो चिरला तेव्हा अर्ध्या वाटाण्याएवढा एक खडा निघाला, आणि तो इतका कठीण होता की त्याने काचेवर ओरखडा उमटत असे. भारतीय मातीपासून हजारो मैल दूर वाढलेल्या बांबूनेही तेच केले होते.

जस्ताच्या खनिजांवरील त्यांचे काम यापेक्षा अधिक टिकले. कॅलमाइन हे नाव आज आपण अंगाला लावायच्या गुलाबी औषधामुळे ओळखतो. त्या काळी ते जस्ताच्या एका दगडाचे नाव होते आणि निरनिराळ्या खाणींतून येणारा कॅलमाइन एकच पदार्थ आहे असे अनेक जण मानत. स्मिथसन यांनी सॉमरसेट, डर्बीशायर, ऑस्ट्रियातील ब्लायबर्ग अशा ठिकाणचे नमुने घेऊन, वजने तोलून दाखवले की काही नमुने जस्ताचे कार्बोनेट आहेत तर काहींत जस्ताबरोबर सिलिका आहे, म्हणजे ही दोन स्वतंत्र खनिजे आहेत. त्यांच्या मृत्यूनंतर १८३२ मध्ये फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ ब्यूदाँ यांनी त्यांतील कार्बोनेटला ‘स्मिथसोनाइट’ हे नाव दिले. एकूण सत्तावीस निबंध त्यांनी प्रसिद्ध केले आणि त्यांत कॉफी बनवण्याच्या सुधारित पद्धतीवरचा एक छोटा लेखही आहे. एका स्त्रीच्या गालावरून ओघळणारा अश्रू त्यांनी काचेच्या पात्रात झेलला, त्यातला अर्धा निसटला आणि उरलेल्या अर्ध्या थेंबात त्यांनी क्षार शोधले, अशी आठवण रॉयल सोसायटीचे अध्यक्ष डेव्हिस गिल्बर्ट यांनी नंतर सांगितली. स्मिथसन अत्यंत लहान नमुन्यांवर काम करण्यात वाकबगार होते, आणि ज्ञान कणाकणाने वाढते हा त्यांचा अनुभव होता. मृत्युपत्रातील ‘वृद्धी’ हा शब्द या माणसाने सहज लिहिलेला नाही, असे मला ठामपणे वाटते.

२७ जून १८२९ रोजी जिनोआ येथे स्मिथसन वारले. पुतण्या हेन्री जेम्स हंगरफोर्ड याला फक्त उत्पन्न मिळत होते, मुद्दलावर त्याचा हक्क नव्हता. याला कायद्यात हयातीपुरता हक्क म्हणतात. आमराईतले आंबे खाता येतात, पण झाडे तोडून विकता येत नाहीत, तशीच ही व्यवस्था असते. ५ जून १८३५ रोजी हा पुतण्या इटलीत पिसा येथे, तरुण वयात आणि निपुत्रिक अवस्थेत वारला. अट पूर्ण झाली आणि अमेरिकी सरकारला कळले की एका अनोळखी इंग्रजाने आपली सगळी मालमत्ता त्याच्या नावे केली आहे.

इथपासून खरा गुंता सुरू होतो. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी डिसेंबर १८३५ मध्ये हा विषय काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, पाठवला, कारण अशी देणगी स्वीकारण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नाही असे त्यांचे मत होते. अडचण खरोखरीची होती. अमेरिकेच्या राज्यघटनेने केंद्र सरकारला मोजकेच अधिकार दिले आहेत आणि शिक्षणसंस्था काढणे हा त्यांपैकी एक नाही. दक्षिण कॅरोलायनाचे सिनेटर जॉन कॅल्हून यांनी तर अशी भेट घेणे देशाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, अशी भूमिका घेतली. परक्याने दिलेल्या पैशाच्या निमित्ताने केंद्राचे अधिकार वाढतील आणि राज्यांचे कमी होतील, ही भीती त्यामागे होती.

सिनेटच्या समितीने काढलेला तोडगा समजून घेण्यासारखा आहे. देणगी आणि विश्वस्तनिधी यांत मूलभूत फरक आहे. देणगी मिळाली की ती घेणाऱ्याच्या मालकीची होते. विश्वस्तनिधीत पैसा विश्वस्ताच्या ताब्यात येतो, पण त्याचा लाभ दुसऱ्या कोणासाठी असतो आणि ठरलेल्या हेतूखेरीज तो वापरता येत नाही. स्मिथसन यांनी पैसा अमेरिकी सरकारला ‘दिला’ नव्हता, तर सगळ्या मानवांसाठी सांभाळायला सोपवला होता. मग विश्वस्त होण्याचा अधिकार केंद्राला कुठून येतो? समितीचे उत्तर असे की वॉशिंग्टन कोणत्याही राज्यात येत नाही. तो केंद्राच्या थेट अखत्यारीतला जिल्हा आहे आणि तिथे काँग्रेसला एखाद्या राज्याच्या विधिमंडळाइतकेच अधिकार आहेत. आपल्या प्रदेशातील धर्मादाय कामाची पालक म्हणून जबाबदारी घेणे हा प्रत्येक राज्यसत्तेचा जुना अधिकार असल्यामुळे वॉशिंग्टनपुरता तो केंद्रालाही आहे. स्मिथसन यांनी नुसते ‘अमेरिकेत’ न म्हणता ‘वॉशिंग्टन येथे’ असे लिहिले होते, आणि त्या दोन शब्दांवर सगळा युक्तिवाद उभा राहिला. १ जुलै १८३६ रोजी देणगी स्वीकारण्याचा कायदा झाला आणि मिळणारा पैसा ठरलेल्या हेतूसाठीच वापरला जाईल, असे वचन त्यात देशाच्या नावाने दिले गेले.

हे वचन पुढे फार महत्त्वाचे ठरले. पण आधी पैसा हातात यायला हवा होता. त्यासाठी अमेरिकेने रिचर्ड रश या वकील-मुत्सद्द्यांना लंडनला पाठवले. संपत्ती ड्रमंड या बँकवाल्यांकडे होती, त्यामुळे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या नावाने ड्रमंड यांच्याविरुद्ध चान्सरी न्यायालयात दावा दाखल झाला. चान्सरी न्यायालय हे वारसा आणि विश्वस्तनिधी यांचे खटले चालवणारे न्यायालय होते आणि तिथल्या दिरंगाईत पिढ्या संपत असत. रश यांच्या दाव्याच्या पुढे शेकडो दावे रांगेत होते. तरीही ९ मे १८३८ रोजी, म्हणजे दोन वर्षांच्या आत, निकाल अमेरिकेच्या बाजूने लागला. पुतण्याच्या आईच्या वार्षिक तनख्यासाठी थोडी रक्कम मागे ठेवावी लागली आणि ती तिच्या मृत्यूनंतरच मिळाली.

बाकीचे सरकारी रोखे आणि समभाग विकून रश यांनी सोन्याच्या मोहरा घेतल्या. १,०४,९६० सॉव्हरिन १०५ पिशव्यांत भरून पेट्यांत ठेवल्या गेल्या. एक सॉव्हरिन सुमारे आठ ग्रॅमची, म्हणजे हे सोने ८०० किलोहून जास्त झाले. ‘मीडिएटर’ या शिडाच्या जहाजातून अटलांटिक ओलांडून ते २९ ऑगस्ट १८३८ रोजी न्यूयॉर्क बंदरात उतरले आणि फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत वितळवल्यावर त्याचे ५,०८,३१८ डॉलर आणि ४६ सेंट भरले.

आणि हा पैसा जवळजवळ बुडाला. सरकारने तो राज्यांच्या रोख्यांत गुंतवला आणि त्यातला फार मोठा भाग आर्कान्सासच्या सहा टक्के व्याजाच्या रोख्यांत गेला. काही वर्षांतच आर्कान्सासने व्याज देणे थांबवले. एखाद्या खासगी विश्वस्ताने असे केले असते तर ‘गुंतवणूक बुडाली, इलाज नाही’ म्हणून विषय संपला असता. तो संपला नाही याचे श्रेय प्रामुख्याने जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांना जाते. देशाचे राष्ट्राध्यक्षपद भूषवून झाल्यानंतर ते साधे सदस्य म्हणून प्रतिनिधिगृहात बसत होते आणि दहा वर्षे त्यांनी हा प्रश्न सोडला नाही. त्यांची भूमिका अशी होती की देशाने वचन दिलेले आहे, त्यामुळे पैसा कुठे गुंतवला गेला आणि तिथे काय झाले याचा भार देशाने सोसायचा, स्मिथसन यांच्या हेतूने नव्हे. शिवाय मुद्दलाला हात न लावता फक्त व्याजातून संस्था चालवायची, हा आग्रहही त्यांनी सातत्याने धरला. माझ्या दृष्टीने या संपूर्ण इतिहासातील सर्वांत मोठी गोष्ट ही आहे. स्मिथसन यांनी पैसा एकदाच दिला. तो कायमचा जिवंत ठेवण्याचे काम अ‍ॅडम्स यांच्या हट्टामुळे झाले.

पैसा वाचवणे एक आणि त्याचे काय करायचे हे ठरवणे दुसरे. ‘ज्ञानाची वृद्धी आणि प्रसार’ या शब्दांत प्रत्येकाला आपलीच संस्था दिसत होती. अ‍ॅडम्स यांना खगोल वेधशाळा हवी होती. कोणी राष्ट्रीय विद्यापीठ मागत होते, तर कोणाला शेतीचे शिक्षण आणि बियाण्यांचे प्रयोग हवे होते. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर रूफस चोट यांना युरोपातील मोठ्या ग्रंथालयांच्या तोडीचे ग्रंथालय उभारायचे होते. इंडियानाचे रॉबर्ट डेल ओवेन यांना सामान्य शाळांसाठी शिक्षक तयार करायचे होते, कारण काही विद्वानांसाठी पुस्तके जमवण्यापेक्षा लाखो मुलांपर्यंत ज्ञान पोहोचवणे त्यांना अधिक योग्य वाटत होते. शेवटी १० ऑगस्ट १८४६ रोजी राष्ट्राध्यक्ष पोक यांनी सही केलेला कायदा आला, तेव्हा तडजोड म्हणून त्यात ग्रंथालय, संग्रहालय, कलादालन, रासायनिक प्रयोगशाळा, व्याख्यानांच्या खोल्या असे पुष्कळ काही होते. विद्यापीठ आणि शिक्षक-प्रशिक्षण मात्र गळले.

त्या कायद्याची आर्थिक रचना विशेष पाहण्यासारखी आहे. निधीचे मुद्दल म्हणून ५,१५,१६९ डॉलर जणू सरकारी खजिन्यातच जमा आहेत असे कायद्याने मानले गेले आणि त्यावर संस्थेला कायमचे सहा टक्के व्याज देण्याची हमी सरकारने घेतली. म्हणजे दरवर्षी सुमारे ३०,९१० डॉलर. आतापर्यंत थकलेल्या व्याजाचे २,४२,१२९ डॉलर इमारतीसाठी दिले गेले. आर्कान्सासकडून वसुली होवो वा न होवो, तो सरकारचा प्रश्न झाला.

आता ‘वृद्धी’ आणि ‘प्रसार’ या दोन शब्दांचा अर्थ लावण्याची वेळ आली. संस्थेचे पहिले प्रमुख, ज्यांना तिथे सचिव म्हणतात, जोसेफ हेन्री हे विद्युतचुंबकत्वावर मूलभूत काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांनी मृत्युपत्राचे वाचन वकिलाच्या काटेकोरपणाने केले. ‘वृद्धी’ म्हणजे आजवर नसलेले ज्ञान निर्माण करणे, ‘प्रसार’ म्हणजे असलेले ज्ञान लोकांपर्यंत नेणे, ही दोन निराळी कामे असून दोन्ही सांगितलेली आहेत. आणि मृत्युपत्रात ‘मानवांमध्ये’ असे म्हटलेले आहे, केवळ अमेरिकनांमध्ये किंवा केवळ वॉशिंग्टनच्या रहिवाशांमध्ये नव्हे. वाचनालय आणि वस्तुसंग्रह यांचा लाभ मुख्यतः त्या शहरात येणाऱ्याला होतो, पण संशोधनाला साहाय्य करून ते छापले आणि जगभर वाटले तर तो लाभ सर्वांना मिळतो. म्हणून संशोधनाला प्राधान्य द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. १८४८ मध्ये संस्थेने पहिला ग्रंथ प्रसिद्ध केला. तो मिसिसिपी खोऱ्यातील प्राचीन टेकाडांवर होता आणि जगभरच्या विद्यासंस्थांना पाठवला गेला. हेन्री यांनी ठिकठिकाणच्या हौशी निरीक्षकांना हवामानाच्या नोंदी करायला लावले आणि १८४९ पासून तारायंत्राच्या कंपन्यांकडून रोजचे हवामान मागवायला सुरुवात केली. संस्थेच्या दालनात देशाचा नकाशा लावून कुठे पाऊस आहे, कुठे आकाश निरभ्र आहे हे दाखवले जाई. १८७० मध्ये काँग्रेसने हे काम सैन्याच्या संदेश विभागाकडे सोपवले आणि त्यातूनच देशाचे हवामान खाते घडत गेले.

सगळ्यांना ही दिशा मान्य नव्हती. ग्रंथपाल चार्ल्स ज्युएट यांनी उत्पन्नाचा मोठा वाटा ग्रंथालयाला मिळावा म्हणून झगडा केला आणि १८५४ मध्ये हेन्री यांनी त्यांना कामावरून दूर केले. पुढे १८६६ मध्ये संस्थेचा सुमारे ४० हजार ग्रंथांचा संग्रह काँग्रेसच्या ग्रंथालयात ठेवण्यात आला. संग्रहालयाच्या बाबतीत हेन्री इतके यशस्वी झाले नाहीत. त्यांचे सहायक स्पेन्सर बेअर्ड हे निसर्गअभ्यासक होते आणि पक्षी, मासे, सरपटणारे प्राणी यांचे नमुने जमवण्याचा त्यांचा उत्साह थकणारा नव्हता. सरकारी मोहिमांतून आलेले संग्रह १८५८ मध्ये संस्थेकडे आले तेव्हा हेन्री यांनी एक गोष्ट मात्र पक्की करून घेतली. सरकारच्या वस्तू सांभाळण्याचा खर्च सरकारने द्यावा, त्यासाठी स्मिथसन यांच्या निधीला हात लावायचा नाही. त्या वर्षी काँग्रेसने त्यासाठी ४,००० डॉलर दिले.

ही छोटी रक्कम आजच्या संस्थेच्या रचनेचे मूळ आहे. स्मिथसोनियन ही सरकारी आहे की खासगी, असा प्रश्न वारंवार विचारला जातो आणि त्याचे प्रामाणिक उत्तर ‘दोन्हींच्या मधली’ असे आहे. तिचा मूळ निधी आणि नंतर आलेल्या देणग्या हा विश्वस्तनिधी आहे. तिच्या खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग आज काँग्रेसच्या वार्षिक तरतुदीतून येतो. कारभार पाहणाऱ्या सतरा जणांच्या मंडळात देशाचे सरन्यायाधीश आणि उपराष्ट्राध्यक्ष पदसिद्ध असतात, सिनेट आणि प्रतिनिधिगृह यांचे प्रत्येकी तीन सदस्य असतात आणि बाकीचे नऊ नागरिक असतात. शासनाच्या तिन्ही शाखा मंडळावर आहेत, पण संस्था कोणत्याही मंत्रालयाच्या हाताखाली नाही. वॉशिंग्टनमधल्या तिच्या संग्रहालयांत प्रवेशासाठी पैसे पडत नाहीत.

स्मिथसन यांनी अमेरिकाच का निवडली? राजे आणि उमराव यांच्या जन्मसिद्ध दर्जाला मोल नसलेला देश त्यांना आकर्षित करत असावा, असा तर्क केला जातो आणि तो पटण्यासारखा आहे. पण त्यांच्या स्वतःच्या शब्दांत उत्तर मिळण्याची शक्यता २४ जानेवारी १८६५ रोजी संपली. संस्थेच्या लाल दगडाच्या इमारतीत कडाक्याच्या थंडीमुळे एका खोलीत शेगडी लावली गेली. कारागिरांनी तिचा धुराचा नळ धुराड्याला जोडण्याऐवजी भिंतीतल्या पोकळीत सोडला आणि छताखाली ठिणग्या जमून आग लागली. वरच्या मजल्यावर स्मिथसन यांची हस्तलिखिते, टिपणे, पत्रे आणि हजारो खनिजांचे नमुने ठेवलेले होते. ते जवळजवळ सगळे जळाले. त्यांचा छोटा ग्रंथसंग्रह वाचला.

जिनोआ येथील ज्या टेकडीवर त्यांचे दफन झाले होते ती पुढे खाणीसाठी खणली जाऊ लागली. तेव्हा टेलिफोनचे संशोधक आणि संस्थेच्या मंडळाचे सदस्य अलेक्झांडर ग्रॅहम बेल पत्नीसह तिथे गेले आणि स्मिथसन यांचे अवशेष घेऊन जानेवारी १९०४ मध्ये परत आले. ते आज त्याच लाल इमारतीच्या प्रवेशद्वाराजवळच्या छोट्या खोलीत आहेत. इटलीहून आणलेले त्यांचे मूळ थडगेही तिथेच बसवले आहे. त्यावर मृत्यूसमयी वय ७५ असे कोरलेले आहे. ते चुकीचे आहे, स्मिथसन तेव्हा ६४ वर्षांच्या आसपास होते.